पाचवीतले इंग्रजी आणि अध्ययन अक्षमतेची चाचणी

चतुर्थीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या की माझ्याकडे पाचवीच्या वह्या यायला लागतात. मी गोव्यातल्या डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतल्या काही शाळांत विशेष शिक्षिका म्हणून काम करते. पहिल्या चाचणीचे पेपर तपासताना वर्गशिक्षिकांच्या मनात जी शंका येते, ती साधारण याच सुमारास माझ्यापर्यंत पोहोचते. मुलगा वर्गात गप्प बसतो, फळ्यावरचे नीट उतरवून घेतो पण उतरवलेले वाचून दाखवू शकत नाही, स्पेलिंग रात्री पाठ करतो आणि सकाळी विसरतो. तेव्हा त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता तर नाही ना, एवढे पाहून सांगा, अशी ती विनंती असते. शंका प्रामाणिक असते आणि बहुतेक वेळा काळजीपोटीच आलेली असते. तरीही हल्ली मी लगेच उत्तर देत नाही, कारण समोरच्या वहीतल्या चुका नव्या भाषेच्या आहेत की वाचनाच्या मुळाशीच असलेल्या अडचणीच्या, हे केवळ इंग्रजीच्या वहीवरून कळत नाही, हे मी एकदा चूक करून शिकले आहे.

गोव्यात हा प्रश्न पाचवीतच का उभा राहतो, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. आमच्याकडच्या सरकारी प्राथमिक शाळा मुख्यतः मराठी आणि कोकणी माध्यमाच्या आहेत. १९९० पासून अनुदानाचे धोरणही प्रादेशिक भाषांतल्या प्राथमिक शिक्षणाला धरून होते, आणि २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला तेव्हा त्यावरून केवढे आंदोलन पेटले हे इथल्या प्रत्येकाला आठवते. त्या वादात मला इथे शिरायचे नाही. माझ्या कामापुरती गोष्ट एवढीच, की चौथीपर्यंत मराठीतून शिकलेले मूल, ज्याच्यासाठी इंग्रजी हा अनेक विषयांतला एक विषय होता, ते पाचवीत हायस्कुलात जाते आणि एका सुट्टीच्या अंतराने त्याचे गणित, विज्ञान, इतिहास असे सगळेच इंग्रजीत होते. अपूर्णांक त्याला येत असतो, ‘फ्रॅक्शन’ येत नसते. परिमिती काढता येत असते, पण प्रश्न वाचून त्यात परिमिती विचारली आहे हेच उमगत नसते. चौथीत पहिल्या पाचात असलेले मूल पाचवीच्या पहिल्या चाचणीत नापास होते, आणि ‘हुशार होता, आता काय झाले कोण जाणे’ असे घरीदारी बोलले जाते.

कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला एक भेद या बाबतीत मला सर्वांत उपयोगी वाटत आला आहे. रोजच्या बोलण्याची भाषा आणि शाळेतल्या अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दुसऱ्या भाषेतही साधारण दोन वर्षांत जमते, पण दुसरीत त्याच वयाच्या, ती भाषा जन्मापासून बोलणाऱ्या मुलांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षे लागतात. पुढे त्यांनी तिथल्या शाळांतून मानसशास्त्रज्ञांकडे पाठवलेल्या चारशेहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मूल इंग्रजीत सफाईने बोलते म्हणजे त्याची भाषेची अडचण संपली, असे शिक्षक आणि तज्ज्ञ दोघेही धरून चालतात आणि मग उरलेले अपयश मुलाच्या बुद्धीच्या किंवा क्षमतेच्या खात्यावर टाकतात, असे त्यांना दिसले. आपल्याकडेही सातवी-आठवीतला मुलगा ‘मे आय गो टू टॉयलेट’पासून क्रिकेटच्या गप्पांपर्यंत सगळे इंग्रजीत बोलतो, म्हणून भाषा हे कारण असूच शकत नाही, असे मला अनेकदा ऐकवले जाते. पाच ते सात वर्षांचा हिशोब केला तर पाचवीत सुरुवात केलेल्या मुलाची ती वर्षे दहावी ते बारावीच्या दरम्यान पूर्ण होतात. म्हणजे त्याची जवळजवळ सगळी शालेय चाचणी अर्धवट भाषेत होते.

परक्या भाषेत मोजमाप केल्याने काय घडू शकते याचे सर्वांत ठळक उदाहरण न्यायालयात गेलेले आहे. कॅलिफोर्नियात घरी स्पॅनिश बोलणाऱ्या काही मुलांना इंग्रजीतल्या बुद्धिमापन चाचणीच्या आधारे मतिमंदांच्या वर्गात बसवले होते. त्यांना त्यांच्या भाषेत पुन्हा तपासल्यावर गुण इतके वाढले की त्यांतली बहुतेक मुले त्या वर्गाच्या निकषात बसतच नव्हती. १९७० मध्ये त्या दाव्यात तडजोड झाली आणि मुलाच्या घरच्या भाषेतही चाचणी घेण्याचे शाळांवर बंधन आले.

आपल्याकडची व्यवस्था पाहू. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडण्याचा, समावेश झाला. २०१८ साली केंद्र सरकारने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार मूल आठ वर्षांचे झाल्यावर तिचे प्रमाणपत्र मिळू शकते आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी होते. आधी बुद्ध्यंक पाहायचा आणि मग वाचन, लेखन, गणित यांची पातळी पाहायची, असा तो क्रम आहे. बुद्ध्यंकासाठी आपल्याकडे बरीच वर्षे वापरात असलेली चाचणी म्हणजे नागपूरच्या डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली चाचणी. तिचे शब्दांवर आधारलेले आणि कृतीवर आधारलेले असे दोन भाग आहेत. वाचन-लेखनासाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तयार झालेला चाचणीसंच सर्वत्र चालतो, आणि मूल आपल्या इयत्तेच्या दोन इयत्ता किंवा त्याहून खाली असेल तर अक्षमतेकडे बोट दाखवले जाते.

कागदावर हे सर्व ठीक आहे. परंतु पाचवीत पहिल्यांदा इंग्रजी माध्यमात आलेल्या मुलाला इंग्रजी परिच्छेद वाचायला दिला, तर ते दोन इयत्ता खाली निघणारच. त्यात मोजले काय जाते, तर त्याला इंग्रजी माध्यमात येऊन किती महिने झाले ते. बुद्ध्यंकाच्या चाचणीतही अशा मुलांचे शब्दांच्या भागातले गुण कमी आणि ठोकळ्यांच्या, चित्रांच्या कृतींतले गुण चांगले येतात, आणि ही तफावत म्हणजेच अध्ययन अक्षमतेचा पुरावा असा निष्कर्ष मी स्वतः अहवालांत वाचला आहे. दुसरी भाषा शिकत असलेल्या निरोगी मुलातही हीच तफावत दिसते, हे त्या अहवालात कुठेच नव्हते. प्रश्न जागच्या जागी मराठीत भाषांतर करून विचारले की काम झाले, अशी एक समजूत आहे. तीही खरी नाही. इंग्रजीत सोपा असलेला शब्द मराठीत तितकाच सोपा असेल असे नाही. सोप्याकडून अवघडाकडे जाणारी शब्दांची उतरंड भाषांतरात मोडते, आणि मूळ चाचणीच्या गुणांशी तुलना करण्याचा आधारच जातो.

म्हणून मी वही बाजूला ठेवून आधी मुलाच्या आईशी बोलते, आणि ते बोलणे कोकणीत होते. मागे एका आईने खुर्चीत बसण्याआधीच सांगून टाकले, ‘टीचर, घरा हाचें तोंड बंद जायना, हांगा कित्याक उलयना कळना.’ (घरी याचे तोंड बंद होत नाही, इथे का बोलत नाही कळत नाही.) त्या एका वाक्यात मला अर्धी चाचणी मिळाली. नव्या भाषेत पडलेले मूल काही महिने गप्प राहून नुसते ऐकत असते आणि ते स्वाभाविक आहे. घरीही जे गप्प असते, गोष्ट सांगताना अडखळते, दोन-तीन सूचना एकदम दिल्या की गोंधळते, त्याचा विचार वेगळा करावा लागतो. पहिला शब्द कधी बोलला, दोन शब्द जोडून कधी बोलू लागला, त्याच वयात मोठी बहीण किंवा चुलतभाऊ कसे बोलत होते, घरात वडिलांना किंवा काकांना वाचनाचा त्रास होता का, चौथीपर्यंत मराठी वाचन कसे होते, हे मी विचारते. कान वाहत होते का, हे तर विसरायचेच नाही. वारंवार कानदुखी झालेल्या मुलाला मधूनमधून कमी ऐकू येत राहते, आणि ऐकू न आलेल्या ध्वनींचे स्पेलिंग त्याने कसे लिहावे? कान आणि डोळे तपासून घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही.

मग मुलाची पहिली भाषा कोणती, हा प्रश्न येतो. पुस्तकांत हा प्रश्न एका ओळीत सुटतो, गोव्यात सुटत नाही. आमचे मूल आईशी कोकणीत बोलते. अक्षरे शिकते ती मराठीत. देवळातले भजन, कीर्तन आणि जत्रेतले नाटक मराठीत ऐकते. मैदानावर कर्नाटकातून आलेल्या कुटुंबातल्या मित्राशी हिंदीत भांडते. आणि पेपर इंग्रजीत लिहिते. शाळेच्या दाखल्यावर मातृभाषा म्हणून मराठी लिहिलेले असते, त्यामागे कुटुंबाची आस्था असते आणि तिच्याविषयी मला आदरच आहे. पण चाचणीपुरते मला हे माहीत हवे की मूल रागावते कोणत्या भाषेत आणि मनातल्या मनात मोजते कोणत्या भाषेत. कोकणी आणि मराठीची लिपी इथे एकच असली तरी बहुतेक मुलांनी कोकणी वाचलेली नसते, म्हणून मी गोष्ट सांगणे, ऐकून समजणे आणि शब्दसंग्रह या गोष्टी कोकणीत पाहते, आणि वाचन-लेखन मराठीत. एकाच भाषेत सर्व मोजण्याचा हट्ट धरला तर त्या मुलाचे निम्मे ज्ञान मोजणीच्या बाहेरच राहते.

यानंतर इंग्रजीची वही उघडते. आता तिच्यातल्या चुका बोलू लागतात. एका मुलाने आपल्या धाकट्या बहिणीवर चार ओळींचा निबंध लिहिला होता आणि त्यात बहिणीसाठी सगळीकडे ‘इट’ वापरले होते. बाईंनी लाल शाईने चार वर्तुळे काढून, मुलाला माणूस आणि वस्तू यांतला फरकही कळत नाही, असे मला सांगितले. कोकणीत लहान मुलीला ‘तें’ म्हणतात, नपुंसकलिंगी. त्या मुलाने आपल्या भाषेचे व्याकरण अगदी चोख इंग्रजीत नेले होते. क्रियापद वाक्याच्या शेवटी जाणे, ‘द’ आणि ‘अ’ गळणे, ‘टेबलावर’ म्हणायच्या सवयीने ‘ऑन’ हा शब्द नामाच्या नंतर येणे, ‘शिप’ आणि ‘शीप’ सारखेच लिहिणे, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांची अदलाबदल, या सगळ्या चुका मराठी आणि कोकणीकडून आलेल्या असतात, त्यांना नियम असतो, आणि वर्गातल्या त्याच पार्श्वभूमीच्या इतर दहा मुलांच्या वह्यांतही त्या सापडतात. म्हणून मी एकट्या मुलाची वही कधीच मागवत नाही. त्याच गावाच्या, त्याच प्राथमिक शाळेतून आलेल्या आणखी तीन-चार मुलांच्या वह्या सोबत मागवते. तुलना करायची तर ती त्यांच्याशी. केजीपासून इंग्रजीत शिकलेल्या शेजारच्या बाकावरच्या मुलीशी करून काही कळत नाही.

आकड्यांचेही असेच आहे. ‘फॉर्टी फाइव्ह’ ऐकून चोपन्नचा आकडा लिहिणाऱ्या मुलाला डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे-गणितातली अध्ययन अक्षमता असल्याची शंका माझ्याकडे आली होती. मराठीत पंचेचाळीस म्हणताना आधी पाच येतो आणि मग चाळीस. इंग्रजीत नेमके उलटे. एकोणतीसमध्ये तर नऊ ऐकूच येत नाही. मूल इंग्रजी ऐकते, मनात मराठी करते आणि त्या गडबडीत एकक-दशक पालटतात. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची पद्धत बदलून पंचेचाळीसला ‘चाळीस पाच’ अशी केली तेव्हा त्यावर पुष्कळ विनोद झाले; ते विनोद ऐकताना मला या मुलाची आठवण येत असे. त्याला तेच आकडे मराठीत सांगितल्यावर वीसपैकी एकही चुकला नाही.

मग खरी अक्षमता दिसते कुठे? ती भाषा बदलली तरी सोबत येते. ध्वनी सुटे करून ओळखणे, त्यांची जुळवाजुळव करणे, ऐकलेले क्षणभर धरून ठेवणे आणि ओळखीची नावे झटपट आठवणे, या क्षमता कुठल्याही एका भाषेच्या मालकीच्या नाहीत, म्हणून मी त्या मुलाच्या भाषेत तपासते. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरेल? ‘साखर’मधला ‘सा’ काढला तर? ‘गिसवाप’, ‘टमोळी’ असे निरर्थक शब्द ऐकून जसेच्या तसे म्हणता येतात का, आणि लिहून दिले तर वाचता येतात का? देवनागरीत जसे लिहिले तसे वाचले जाते, त्यामुळे डिस्लेक्सिया असलेले मूलही मराठी बऱ्यापैकी अचूक वाचू शकते. त्याची अडचण गतीत दिसते, जोडाक्षरांशी होणाऱ्या ठेचकाळण्यात दिसते, आणि अनोळखी मजकूर समोर आला की फार स्पष्ट दिसते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना मी काहीच महत्त्व देत नाही. त्यावरून निदान करायचे तर निम्मा स्टाफरूम तपासावा लागेल. मात्र तिसरी-चौथीतही मात्रा दुसऱ्याच अक्षरावर जाणे, शब्दातले अक्षर गळणे, एकच शब्द एका पानात तीन तऱ्हांनी लिहिणे, या खुणा मी टिपून ठेवते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ नावाचा संच आणला. त्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही आहे, आणि भाषांतर करून वापरलेल्या इंग्रजी चाचण्यांपेक्षा तो मला कितीतरी विश्वासाचा वाटतो. कोकणीसाठी मात्र मी अजून माझ्या हाताने केलेल्या याद्यांवरच काम चालवते.

एवढ्यानेही मन स्थिर झाले नाही तर शेवटचा उपाय म्हणजे शिकवून पाहणे. आधी तपासायचे, मग थोडे शिकवायचे, मग पुन्हा तपासायचे, आणि आधी काय येत होते यापेक्षा शिकवल्यावर काय फरक पडला हे पाहायचे. बहिणीला ‘इट’ म्हणणाऱ्या त्या मुलाला मी चार दिवस रोज वीस मिनिटे एकच नियम शिकवला, की ‘कॅप’च्या शेवटी ‘ई’ लागला तर ‘केप’ होतो, ‘टॅप’चा ‘टेप’ होतो. पाचव्या दिवशी त्याने न पाहिलेले सहा शब्द दिले, त्यांतले पाच त्याने बरोबर वाचले आणि सहावा चुकल्यावर स्वतःच थांबून दुरुस्त केला. त्याला कोणी इंग्रजी वाचायचे कसे हे शिकवलेच नव्हते, स्पेलिंगे तेवढी पाठ करायला दिली होती. त्याच्या अहवालात मी अक्षमता नाही असे लिहिले, आणि गणिताचे प्रश्न वर्षभर दोन्ही भाषांत द्यावेत अशी विनंती केली. त्याच्या घरी मात्र कोणीतरी ‘आता घरात इंग्रजीच बोला’ असा सल्ला आधीच देऊन ठेवला होता. हा सल्ला मला संताप आणतो. आईची भाषा काढून घेतल्याने इंग्रजी सुधारत नाही. मूल आणि आई यांच्यातले बोलणे तेवढे कमी होते.

आता माझ्या चुकीविषयी. या मुलाच्या काही वर्षे आधी, दुसऱ्या एका शाळेतून एक मुलगी माझ्याकडे आली होती. तीही पाचवीतच होती, घरी कोकणी, प्राथमिक शिक्षण मराठीतून, आणि वहीतल्या चुका वरवर पाहता अशाच. कमिन्स नुकतेच वाचले होते, आणि भाषेच्या अडचणीला रोग ठरवायचे नाही या विचाराने मी भारावलेली होते. चौथीच्या मराठी पुस्तकातले दोन उतारे तिने घडाघडा वाचून दाखवले, गोष्टही छान सांगितली. मी लिहून दिले की वाचनात अडचण नाही, इंग्रजी रुळायला वेळ द्यावा. वर्गशिक्षिकेने मान डोलावली, आईला हायसे वाटले, आणि सर्वांनी वेळ दिला.

सातवीत ती परत माझ्यासमोर आली तेव्हा पोटदुखीच्या कारणाने तिची महिन्यातून पाच-सहा दिवस गैरहजेरी होत होती. या वेळी मी पुस्तकाबाहेरचा, तिने कधीच न पाहिलेला मराठी मजकूर दिला. पहिल्या तीन ओळींना तिला दोन मिनिटे लागली. ‘प्रवास’चा ‘परसाव’ झाला, ‘दुष्काळ’ तिने सोडूनच दिला, निरर्थक शब्दांपैकी तिला एकही नीट वाचता आला नाही. तोच मजकूर मी वाचून दाखवल्यावर मात्र तिने त्यावरच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले, आणि एका प्रश्नाला मला न सुचलेले उत्तर दिले. पाचवीत तिने वाचून दाखवलेले उतारे तिला पाठ होते. मोठ्या बहिणीकडून ऐकून ऐकून तिने ते सगळे पुस्तकच पाठ केले होते, आणि मी तिच्या बोटाकडे पाहायला हवे होते. ते ओळीवरून फिरतच नव्हते.

पुढची तपासणी, प्रमाणपत्र, परीक्षेतला वाढीव वेळ हे सगळे यथावकाश झाले. त्या वेळी जुन्या नोंदी हव्यात म्हणून मी आईला घरात काही वह्या उरल्या असतील तर आणायला सांगितले होते. तिने माळ्यावरच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या मराठी शुद्धलेखनाच्या तीन वह्या आणल्या, दुसरीची, तिसरीची आणि चौथीची. तिन्हींत मात्रा भरकटलेल्या होत्या, एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला होता, आणि तिन्हींच्या शेवटच्या पानावर तिथल्या शिक्षिकेच्या सुबक अक्षरात एकच शेरा होता, ‘तोंडी उत्तम, लेखी सराव हवा.’ तिसरीच्या वहीवरच्या शेऱ्याखाली तारीख होती. मी ती तिच्या जन्मतारखेशी ताडून पाहिली. तेव्हा तिला आठवे वर्ष पूर्ण होऊन दोन महिने झाले होते.